आर्चएंजल, ब्लॅक ड्रॅगन की टायटन: हीरोज ३ मध्ये भिस्त कोणावर ठेवावी?

१९९९ साली आलेल्या ‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ या डावपेचांच्या संगणकीय खेळात नगर निवडताना आपण बव्हंशी त्या नगराचा सातव्या पातळीचा महाबली जीवच निवडत असतो. नुसते आकडे पाहिले, तर कॅसल नगराच्या आर्चएंजलला तोड नाही: हल्ला ३०, बचाव ३०, हेल्थ २५०, वेग १८. ब्लॅक ड्रॅगनचा हल्ला आणि बचाव प्रत्येकी २५, तर टायटनचा २४ आहे. हेल्थ मात्र दोघांचीही ३००. तरीही माझ्या मते निर्णय या आकड्यांवर घेऊ नये. आपल्या आणि शत्रूच्या हीरोला, म्हणजे सेनेच्या नायकाला, कोणते मंत्र येतात, यावर घ्यावा.

आर्चएंजलचे खरे मोल त्याच्या पुनरुज्जीवनाच्या शक्तीत आहे. प्रत्येक आर्चएंजलमागे १०० हेल्थ, या हिशेबाने त्यांची तुकडी लढाईत एकदा मेलेल्या साथीदारांना उठवते. म्हणजे दहा आर्चएंजल ३५ हेल्थचे २८ क्रुसेडर (कॅसलचेच तलवारधारी सैनिक) परत उभे करू शकतात. शिवाय खेळाच्या विस्तार-आवृत्तीतून पुढे आलेला फिनिक्स वगळता कोणत्याही नगराचा जीव मुळात इतका वेगवान नाही, त्यामुळे पहिली चाल बहुधा त्याचीच असते. उणीव एकच, पण मोठी: त्याच्यावर मंत्र चालतात. दुसऱ्या पातळीचा ब्लाइंड हा मंत्र बसला की सगळी तुकडी जागच्या जागी थिजते, आणि म्हणूनच आर्चएंजल एकाच तुकडीत ठेवू नयेत.

डंजन नगराच्या ब्लॅक ड्रॅगनची गोष्ट नेमकी उलट आहे. त्याच्यावर कोणताही मंत्र चालत नाही, त्यामुळे आर्मगेडन हा सगळ्या मैदानावर आग ओतणारा मंत्र येणारा हीरो केवळ ड्रॅगन घेऊन मैदानात उतरला, तर त्या आगीत शत्रू होरपळतो आणि ड्रॅगनला झळही लागत नाही. (रॅम्पार्टचा गोल्ड ड्रॅगनही पहिल्या चार पातळ्यांच्या मंत्रांना दाद देत नाही, पण पाचव्या पातळीच्या इम्प्लोजनपुढे तो उघडा पडतो.) हेच कवच आपल्याही आड येते, कारण हेस्टने ड्रॅगनचा वेग वाढवता येत नाही आणि मेलेला ड्रॅगन रिझरेक्शन मंत्राने उठत नाही. त्याचा श्वास समोरच्यामागील घरापर्यंत पोहोचतो, तिथे आपलीच तुकडी असेल तर तिलाही भाजतो. कोणत्या दिशेने हल्ला करायचा, हे दर वेळी तपासून घ्यावे.

टॉवर नगराचा टायटन लांबून मारा करतो, आणि शत्रू अंगाला भिडला तरी हातघाईत त्याचा जोर कमी होत नाही. ब्लाइंडसारखे मनावरचे मंत्र त्याला बाधत नाहीत. वेग मात्र अवघा ११ आहे, आणि दहा घरांपलीकडे मारा निम्मा होतो. वेढा पडलेले नगर राखायचे असेल, तर मी टायटनच पसंत करीन.

स्ट्राँगहोल्डच्या एन्शंट बेहेमथकडे नवखे खेळाडू दुर्लक्ष करतात, कारण त्याचा हल्ला १९ च दिसतो. पण तो समोरच्याचा ८० टक्के बचाव हिशेबात धरत नाही. हीरोचे गुण बाजूला ठेवले, तर आर्चएंजलचा ३० चा बचाव त्याच्यापुढे ६ वर येतो, आणि हल्ला १३ ने वरचढ ठरून प्रत्येक गुणामागे ५ टक्के, म्हणजे एकूण ६५ टक्के जादा नुकसान होते.

त्यातच तो स्वस्त आहे: ३००० सोने आणि १ स्फटिक. ब्लॅक ड्रॅगनला ४००० सोने व २ गंधक लागतात, टायटनला ५००० व २ रत्ने, आर्चएंजलला ५००० व ३ रत्ने. तटबंदी पूर्ण झाली की असे जीव आठवड्याला दोन मिळतात. पण ज्या नकाशावर रत्नांची खाण शत्रूच्या बाजूला आहे, तिथे आर्चएंजलच्या भरवशावर कॅसल घेऊ नये, बेहेमथ किंवा ड्रॅगनकडे वळावे.