सोलमधील एक मोकळा दिवस: शहरातच जेवावे, की सुवॉन, चुनचॉन किंवा जॉन्जू गाठावे?

कंपनीच्या कामासाठी दक्षिण कोरियात गेलेल्या माणसाला बहुधा आठवड्याअखेरचा एकच दिवस मोकळा मिळतो, आणि सहलीच्या गटाबरोबर गेलेल्यांनाही कार्यक्रमपत्रिकेत ‘स्वतःच्या सोयीने’ असा एखादा दिवस सापडतो. त्या दिवशी सोलमध्येच राहून दोन वेळा निवांत जेवावे, की सकाळी निघून रात्री परत येता येईल अशा एखाद्या गावी जाऊन तिथले नामांकित पदार्थ खावेत, हा प्रश्न मग पुढे येतो. गावांपैकी तीन या तुलनेसाठी निवडली आहेत: दक्षिणेला अगदी जवळचे सुवॉन, ईशान्येला डोंगर आणि तलावांच्या मधले चुनचॉन, आणि बऱ्याच दूर दक्षिणेला असलेले जॉन्जू. तिन्ही ठिकाणी रेल्वेने जाता येते, तिन्ही ठिकाणांना पाहण्यासारखे काही ना काही आहे, आणि तिन्ही गावे एकेका पदार्थासाठी कोरियाभर ओळखली जातात.

प्रवासवर्णनांत अशी निवड साधारणपणे प्रेक्षणीय स्थळांवरून केली जाते. मराठी प्रवाशाने मात्र ती आपल्या ताटावरून करावी, आणि त्यातही आपण काय खातो यापेक्षा काय खात नाही याचा विचार आधी करावा, असे माझे मत आहे. याचे कारण असे की या तीन गावांचे प्रसिद्ध पदार्थ एकमेकांपासून फार वेगळे आहेत: एकाचा पाया गोमांस आहे, दुसऱ्याचा कोंबडी आहे आणि तिसऱ्याचा भात आहे, पण त्या भातातही सहज दिसून येत नाहीत अशा गोष्टी असतात.

चुनचॉनपासून सुरुवात करतो, कारण चिकन आणि मासे खाणाऱ्या, पण गोमांस टाळणाऱ्या मराठी माणसाला चारही पर्यायांत सर्वांत निर्धास्तपणे जेवता येईल असे हेच गाव आहे. इथला डाकगाल्बी हा पदार्थ म्हणजे गोचुजांग या लाल मिरचीच्या आंबवलेल्या वाटणात मुरवलेले कोंबडीचे तुकडे, कोबी, रताळे, पात आणि तांदळाच्या पिठाचे चिवट तुकडे हे सारे टेबलामध्येच बसवलेल्या मोठ्या लोखंडी तव्यावर परतून केलेला प्रकार. परतण्याचे काम बहुतेक वेळा वाढणारी मंडळीच करतात, आणि नवख्या ग्राहकाने उलथने हातात घेतलेले त्यांना फारसे रुचत नाही. तव्यावरचे संपत आले की उरलेल्या मसाल्यात भात टाकून तो खरपूस परतून घ्यायचा असतो. तो न मागवता उठणे म्हणजे जेवण अर्धवट सोडणे होय. जेवणातले तिखट आपल्याला झेपणारे असते, पण त्यात गोडवाही असतो, याची कल्पना असलेली बरी. शहराच्या मध्यभागी म्योंगडाँग भागात याच पदार्थाच्या दुकानांची एक अख्खी गल्ली आहे. सोलमध्येही याच नावाचा एक प्रसिद्ध बाजारभाग आहे, त्यामुळे पत्ता शोधताना घोटाळा होऊ शकतो. सोबत माकगुकसु, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या थंड शेवया, मागवतात. त्यांच्या रश्श्यात मात्र मांसाचा अर्क असू शकतो, तेव्हा आधी विचारावे.

एकट्याने प्रवास करणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. तव्यावर शिजणारे किंवा निखाऱ्यावर भाजले जाणारे पदार्थ कोरियात बहुतेक ठिकाणी किमान दोन माणसांचे मागवावे लागतात, आणि एकट्या ग्राहकाला काही दुकाने नम्रपणे परत पाठवतात. दोघांचे पैसे देऊन एकट्याने जेवण्याची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. अन्यथा दोघे, तिघे किंवा चौघे असतील तेव्हाच चुनचॉनला जावे.

तिथे पोहोचणे सोपे आहे. सोलच्या योंगसान किंवा चोंगन्यांगनी स्थानकावरून आयटीएक्स-चोंगचुन ही 2012 साली सुरू झालेली गाडी मिळते आणि सव्वा तासाच्या आसपास चुनचॉनला पोहोचवते; तिचे काही डबे दुमजली आहेत. त्याच मार्गावर साधी लोकलही धावते, ती स्वस्त पण संथ आहे. वाटेत गाप्योंग स्थानक लागते आणि तिथून थोड्याच अंतरावरून नामी बेटाची फेरी बोट सुटते. हे बेट 1944 साली झालेल्या चोंगप्योंग धरणामुळे तयार झाले, आणि 2002 सालच्या ‘विंटर सोनाटा’ या दूरदर्शन मालिकेमुळे ते आशियाभर पोहोचले. उंच झाडांच्या रांगांमधल्या तिथल्या वाटा सुंदर आहेत, पण सुटीच्या दिवशी छायाचित्रासाठी उभ्या राहिलेल्या माणसांची रांग झाडांच्या रांगेशी स्पर्धा करते. सकाळी लवकर बेट पाहून दुपारनंतर चुनचॉनला जेवायला जाणे हा क्रम उत्तम. केवळ बेट पाहून सोलला परतणाऱ्यांची चुनचॉनची ओळख अपुरीच राहते. ज्यांना बेटाची गर्दी नको असेल त्यांनी 1973 साली पूर्ण झालेले सोयांग धरण किंवा 2021 साली सुरू झालेली तलावावरून सामाकसान डोंगरावर जाणारी केबल कार यांचा विचार करावा. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात इथली थंडी आपल्या कल्पनेपलीकडची असते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

सुवॉनची बाजू प्रवासाच्या दृष्टीने सर्वांत भक्कम आहे. सोल स्थानकावरून मेट्रोच्या पहिल्या मार्गाने तासाभरात आणि नेहमीच्या रेल्वेने अर्ध्या तासात तिथे पोहोचता येते, त्यामुळे आगाऊ आरक्षणाची चिंता नसते आणि सकाळी उशिरा उठूनही दिवस वाया जात नाही. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचे मुख्यालय याच शहरात असल्यामुळे काही भारतीय अभियंत्यांचा मुक्काम मुळात इथेच असतो, आणि त्यांच्यासाठी हा ‘प्रवास’ बसच्या एका फेरीइतकाच उरतो. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे ह्वासोंग किल्ला. राजा जोंगजो याने 1794 ते 1796 या काळात तो बांधवून घेतला आणि 1997 साली युनेस्कोने त्याची जागतिक वारसास्थळांत नोंद केली. सुमारे पावणेसहा किलोमीटरची तटबंदी शहराच्या मधोमध आहे, तिच्यावरून चालत पूर्ण फेरी मारता येते आणि ज्येष्ठांसाठी छोटी पर्यटक गाडीही आहे. सह्याद्रीतल्या गडांची सवय असलेल्या मराठी पायांना इथली चढण किरकोळ वाटेल, पण या किल्ल्याचे बांधकाम इतक्या बारकाईने लिहून ठेवलेले आहे की कोरियन युद्धात पडझड झालेला भाग 1970 च्या दशकात त्या ग्रंथाच्या आधारे पुन्हा उभारता आला. आपल्या किल्ल्यांबाबत ही सोय आपल्याला मिळालेली नाही.

जेवणाशी या जागेचा संबंध जुना आहे. तांदळाच्या पेटीत कोंडून मारल्या गेलेल्या आपल्या पित्याच्या, युवराज सादोच्या, समाधीजवळ जोंगजोने हे नगर वसवले. 1795 साली तो आठ दिवसांची मिरवणूक घेऊन इथे आला आणि किल्ल्यातल्या ह्वासोंग हेंगगुंग या राजवाड्यात त्याने आपल्या आईच्या साठीची मेजवानी घातली. त्या मेजवानीच्या पदार्थांची नोंददेखील दरबारी ग्रंथात केलेली आहे. आज मात्र सुवॉनचे नाव वांगगाल्बी या पदार्थाशी जोडलेले आहे: हाताएवढ्या हाडांसह कापलेल्या गाईच्या बरगड्या, सोया सॉसऐवजी मुख्यतः मिठात मुरवून निखाऱ्यावर भाजलेल्या. गोमांस खाणाऱ्यासाठी ही मेजवानीच आहे, पण ती चारही पर्यायांत सर्वांत महागडी पडते. न खाणाऱ्यासाठी या गावात पाल्दालमुन दरवाज्याजवळची तळलेल्या कोंबडीची गल्ली उरते. ती चांगली आहे, परंतु तळलेली कोंबडी सोलच्या कोणत्याही कोपऱ्यावर मिळते, तेव्हा तेवढ्यासाठी सुवॉनला जाऊ नये. किल्ल्यासाठी जरूर जावे आणि जेवायला संध्याकाळी सोलला परत यावे.

जॉन्जूबद्दल निर्णय घेणे सर्वांत अवघड आहे. युनेस्कोने 2012 साली खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून निवडलेले हे गाव, आणि कोरियन माणसालाही ‘जेवायला कुठे जावे’ असे विचारले तर हेच नाव येण्याची शक्यता अधिक. इथला बिबिम्बाप पितळी वाडग्यात येतो: मधोमध भात, त्याभोवती मोड आलेल्या सोयाबीनचे लांब कोंब, पालक, गाजर, रानभाज्या, मुगाच्या सत्त्वाची पिवळी जेलीसारखी वडी, वर अंड्याचा कच्चा बलक आणि गोचुजांग. हे सगळे चमच्याने नीट कालवून खायचे असते, आणि कालवताना संकोच करायचा नसतो. पुण्यातल्या कोरियन उपाहारगृहांत ज्यांनी हा पदार्थ खाल्ला आहे त्यांनाही जॉन्जूचा वाडगा वेगळा वाटेल, कारण भाज्यांची संख्या आणि प्रत्येकीचा स्वतंत्र स्वाद इथे टिकवलेला असतो.

पण रंगीबेरंगी भाज्यांकडे पाहून शाकाहारी प्रवासी ज्या वाडग्याला आपला समजतो, त्यात परंपरेने भात गोमांसाच्या रश्श्यात शिजवलेला असतो आणि वर कच्च्या गोमांसाचे बारीक तुकडेही असतात. वरचे मांस काढून द्या, असे सांगता येते. भातात मुरलेला रस्सा काढता येत नाही. सोयाबीनच्या कोंबांचे सूप-भात हा इथला सकाळचा प्रसिद्ध पदार्थ आहे, पण त्याच्या रश्श्यातही वाळवलेली छोटी मासळी असणे नेहमीचेच. म्हणजे सर्व काही खाणाऱ्यासाठी जॉन्जू पहिल्या क्रमांकावर, आणि कडक शाकाहारी माणसासाठी जवळजवळ शेवटी. एकट्याने फिरणाऱ्यासाठी मात्र हे गाव उत्तम आहे, कारण बिबिम्बाप आणि सूप-भात हे दोन्ही एकट्याचे पदार्थ आहेत आणि कोणी दोन माणसांची अट घालत नाही.

अंतराचा हिशेब इथे मांडलाच पाहिजे. जॉन्जू सोलपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. योंगसानहून सुटणारी केटीएक्स ही वेगवान रेल्वे पावणेदोन तासांच्या आसपास घेते, एका बाजूचे भाडे तीस हजार वॉनच्या वर जाते (हजार वॉन म्हणजे ढोबळमानाने साठ रुपये), आणि स्थानकावरून हानोक, म्हणजे पारंपरिक कोरियन घरांच्या, वस्तीपर्यंत पुन्हा बस किंवा टॅक्सी करावी लागते. बस स्वस्त पडते, पण पावणेतीन तास जातात. एवढे करून हाती येते काय? कौलारू लाकडी घरांची मोठी वस्ती, जोसोन राजवंशाच्या संस्थापकाचे चित्र जपणारे 1410 सालचे ग्योंगगीजॉन देवस्थान, त्यासमोरच 1914 साली उभे राहिलेले जॉन्डाँग कॅथेड्रल, आणि भाड्याचे हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख, घालून फिरणारी तरुण मंडळी. मुख्य रस्ता खाद्यपदार्थांच्या टपऱ्यांनी आणि पर्यटकांनी गजबजलेला असतो. मागच्या गल्ल्या अधिक पाहण्यासारख्या आहेत. या गावाची खरी रंगत रात्री माकगोल्लीच्या, म्हणजे तांदळाच्या आंबवलेल्या पेयाच्या, दुकानांत असते, जिथे एक किटली मागवली की तिच्यासोबत टेबल भरेल इतक्या थाळ्या येतात. एका दिवसात परतणारा माणूस नेमका त्याच वेळी स्थानकाकडे निघालेला असतो. म्हणून शक्य असेल तर इथे एक रात्र काढावी, आणि शक्य नसेल तर सकाळची पहिली गाडी पकडावी.

आता कुठेही न जाण्याचा पर्याय. कांदा-लसूणही न खाणाऱ्या किंवा चातुर्मास पाळणाऱ्या प्रवाशाला सोलमध्ये जे मिळते ते वरच्या तीन गावांत शोधूनही सहज मिळणार नाही, आणि ते म्हणजे बौद्ध मठांचे जेवण. त्यात मांस-मासे नसतात, आणि कांदा, लसूण, पात यांसारख्या उग्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. ज्योग्ये या बौद्ध संप्रदायाच्या मुख्य मंदिरासमोर त्याच संप्रदायाने चालवलेले बालू गोंगयांग हे उपाहारगृह आहे. सोलच्या 2017 सालच्या पहिल्या मिशेलिन मार्गदर्शिकेत त्याला एक तारा मिळाला होता. आरक्षण आवश्यक, दर चढा, पण एकामागून एक येणाऱ्या छोट्या वाट्यांमधून कमळकाकडी, अळंबी, टोफू आणि रानभाज्यांचे जे प्रकार समोर येतात ते शाकाहारी माणसाला कोरियात प्रथमच निःशंकपणे जेवू देतात. कंदमुळे न खाणाऱ्या जैन प्रवाशांनी मात्र आधी कळवून खात्री करावी, कारण मुळा आणि बटाटा या स्वयंपाकात वर्ज्य नाहीत. जवळच इन्साडाँगच्या गल्ल्या आहेत, जिथे अशा प्रकारची काही साधी उपाहारगृहेही आढळतात. 1905 साली सुरू झालेल्या ग्वांगजांग बाजारात मूग दळून तव्यावर केलेला बिन्देत्तोक आपल्या धिरड्याची आठवण करून देतो, पण त्यात डुकराचे मांस नाही ना, हे विचारल्याशिवाय हात लावू नये.

शाकाहारी माणसाने एक गोष्ट चारही ठिकाणी गृहीत धरावी: जेवणाबरोबर विनामूल्य येणाऱ्या आणि पुन्हा मागता येणाऱ्या बानचानच्या वाट्यांमध्ये किमची, म्हणजे आंबवलेली भाजी, असतेच, आणि बहुतेक किमचीत खारवलेली कोळंबी किंवा मासळीचा सॉस असतो. टोफूच्या रश्श्याचेही तसेच. ‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही. मांस, मासे, कोळंबी, मासळीचा सॉस आणि मांसाचा रस्सा यांची यादी कोरियन लिपीत लिहून घेऊन दाखवावी.

माझी पसंती सरळ आहे. शाकाहारी माणसाने सकाळी सुवॉनची तटबंदी चालून यावी आणि जेवण सोलमध्ये मठाच्या पद्धतीचे घ्यावे. चिकन खाणाऱ्या दोघा-चौघांनी चुनचॉन निवडावे. सर्व काही खाणाऱ्या एकट्या प्रवाशाने पहाटे उठून जॉन्जू गाठावे. आईवडील सोबत असतील तर जॉन्जूचा हट्ट धरू नये, कारण गाडीतले साडेतीन तास आणि दिवसभराचे चालणे हे दोन्ही एका दिवसात त्यांना जड जाते.

कोणतेही गाव ठरवले तरी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान बरीच उपाहारगृहे विश्रांतीसाठी बंद असतात, तेव्हा दोनच्या आत टेबलाशी बसलेले चांगले. रस्ता शोधण्यासाठी गूगलच्या नकाशापेक्षा नेव्हर किंवा काकाओ या कोरियन कंपन्यांचा नकाशा वापरावा. बिल टेबलावर न देता दाराजवळच्या गल्ल्यावर द्यावे आणि बक्षिसी ठेवू नये, तिथे ती पद्धत नाही. जॉन्जूच्या गाडीची शनिवार-रविवारची तिकिटे आधीच संपतात, आणि सोल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष व छुसोक म्हणजे शरदातला सुगीचा सण या सणांच्या दिवसांत तर ती मिळणे जवळजवळ अशक्य असते. त्या काळात अनेक घरगुती उपाहारगृहेही बंद राहतात, त्यामुळे असा सण मध्ये येत असेल तर मेट्रोने जाता येणारे सुवॉन हाच सर्वांत सोपा पर्याय हाताशी उरतो.