टिपा वेगवेगळ्या फील्डमध्ये लिहायला लागल्यावर: आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या डिजिटल संग्रहाच्या नोंदी मार्क २१ या ग्रंथालयीन नोंदींच्या साच्यात आहेत. त्यात प्रत्येक प्रकारच्या माहितीला वेगळं फील्ड, म्हणजे रकाना असतो, आणि त्याच्या तीन आकडी क्रमांकाला टॅग म्हणतात. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत शीर्षक, लेखक, विषय यांत न बसणारं सगळं मी ५०० या सर्वसाधारण टिपेत टाकत असे. आता प्रत्येक टीप तिच्या फील्डमध्ये जाते. पद्धत मला मनापासून पटली आहे, पण नुसता टॅग बदलून भागत नाही, हे आधीच सांगते.

सुरुवात झाली एका शब्दामुळे. एका जुन्या पुस्तकाच्या नोंदीत ५०० मध्ये फक्त ‘अपूर्ण’ असं लिहिलं होतं. एका वाचकानं विचारलं, ३८ आणि ३९ ही पृष्ठं पुस्तकातच नाहीत, की स्कॅन करताना सुटली? नोंदीवरून काही कळेना. शेवटी कपाटातून मूळ प्रत काढली. दोन पानं कडेला एकमेकांना चिकटली होती आणि त्यांच्या आतल्या बाजूला ही दोन्ही पृष्ठं शाबूत होती. म्हणजे अपूर्ण होता तो स्कॅन. तोवर ती नोंद पाहणाऱ्या प्रत्येकानं पुस्तकच खंडित समजलं असणार, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून टीप लिहिण्याआधी ठरवते, हे मूळ वस्तूबद्दल आहे की तिच्या डिजिटल प्रतीबद्दल? स्कॅनमधली उणीव ५३३ मध्ये. प्रत कोणाकोणाकडून फिरत आली, ते ५६१ मध्ये. वर्णन मूळ प्रत पाहून केलं की स्कॅनवरून, ते ५८८ मध्ये. हे फील्ड मी आधी कधी भरलंच नव्हतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला ५०५ चा, म्हणजे आत काय काय आहे त्याच्या यादीच्या फील्डचा. एकाच बांधणीत अकरा पुस्तिका असलेला एक खंड होता. प्रत्येकीचं शीर्षक टी सबफील्डमध्ये (फील्डमधल्या शीर्षकाच्या उपरकान्यात) वेगळं दिलं आणि त्या पुस्तिका शीर्षकाच्या शोधात सापडायला लागल्या. त्याआधी त्या आमच्याकडे असून नसल्यासारख्याच होत्या.

त्रासाची जागा दुसरीकडे आहे. ओएआय-पीएमएचमधून (इतर प्रणालींना नोंदी पुरवण्याच्या ठरलेल्या पद्धतीतून) नोंदी बाहेर जातात त्या साध्या डब्लिन कोअर या सोप्या वर्णन-साच्यात, आणि त्यात घटक फक्त १५. ५०५, ५२० (सारांश), ५३३, ५६१ असं बहुतेक सगळं रूपांतरात ‘डिस्क्रिप्शन’ (वर्णन) या एकाच घटकात जाऊन पडतं, टॅगनं दिलेला अर्थ तिथे पुसला जातो. म्हणून आता ५३३ मध्येसुद्धा पूर्ण वाक्य लिहिते: ‘डिजिटल प्रतीत पृष्ठे ३८ व ३९ नाहीत, मूळ प्रतीत आहेत.’ असं वाक्य कुठेही गेलं तरी कळतं.

५६१ लिहिताना जपा. पहिला इंडिकेटर (फील्डच्या सुरुवातीचा सूचक आकडा) ० ठेवला की माहिती खाजगी ठरते, पण ती पडद्यावर लपेल की नाही हे प्रणालीच्या सेटिंगवर अवलंबून असतं. देणगीदाराचा पत्ता आमच्या एका नोंदीत सर्वांना दिसत होता. तो काढला, आणि आता बाहेरच्या वाचकाच्या लॉगिनमधून एकदा पाहिल्याशिवाय मी नोंद खुली करत नाही.

एका नोंदीला पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. सध्या ५०० मध्ये ‘अपूर्ण’ असलेल्या जुन्या नोंदी शोधून काढते आहे. प्रत्येकीसाठी मूळ प्रत हातात घेऊन पानं मोजावी लागतात, त्यामुळे दिवसाला चार-पाचच होतात.