एरोप्रेसचं व्हॉल्व्हवालं टोपण: पावसाळ्यापासून वापरतोय, त्याचा अनुभव

एरोप्रेस म्हणजे हाताने दट्ट्या दाबून कॉफी गाळायचं नळकांडं. घरच्या घरी एस्प्रेसो मिळेल या आशेने त्याच्या तळाशी बसणारं हे टोपण घेणार असाल, तर राहू द्या. खोक्यावर फेसाळ कपाचा फोटो छापलाय खरा, पण एस्प्रेसोला साधारण ९ बार दाब लागतो. हाताने दट्ट्या दाबून त्याच्या आसपासही पोचता येत नाही. वर येतो तो फेस म्हणजे नुसते हवेचे बुडबुडे, साखर ढवळेपर्यंत गायब.

तरी रोज तेच वापरतोय, कारण कॉफी किती वेळ भिजवायची हे आता मी ठरवतो. ॲलन ॲडलर यांनी २००५मध्ये आणलेल्या मूळ एरोप्रेसच्या टोपणाला भोकं असतात, आत कागद बसतो. पाणी ओतलं की दट्ट्या लावायच्या आतच ठिबकायला सुरुवात. हे पहिलं पाणी पुडीत पुरतं मुरलेलंच नसतं. म्हणून बरेच जण एरोप्रेस उलटा उभा करून कॉफी भिजवतात आणि मग कपावर पालथा घालतात. सकाळी डब्यांच्या गडबडीत, ओट्यावर, कढत पाण्याने भरलेलं नळकांडं पालथं घालायचं? नको रे बाबा.

या टोपणाच्या तळाशी सिलिकॉनचा छोटा पडदा आहे, मधोमध बारीक चीर. पाण्याच्या वजनाने ती उघडत नाही, वरून दाब आला की उघडते. बस, एवढीच करामत. मी १५ ग्रॅम चिकमगळूरची अरेबिका घेतो, बारीक रव्याइतकी दळलेली. पाणी ८५ अंशांच्या आसपास. एकदा ढवळून दोन मिनिटं थांबायचं, मग सावकाश दाबायचं. निम्मं गरम दूध घातलं तरी कॉफीची चव दबत नाही.

सोबत आलेल्या धातूच्या जाळीतून तेल आणि बारीक गाळ दोन्ही खाली येतात. कॉफी दाट लागते, पण शेवटचा घोट दातांत कचकचतो. जाळीवर मूळ कागद ठेवला की प्रश्न मिटतो. चिकोरीवाली फिल्टर कॉफी मात्र यात घालू नका. ती पूड इतकी बारीक असते की दाबताना घाम फुटतो. तिला आपला स्टीलचा फिल्टरच बरा.

निगा सांभाळावी लागते. नुसतं नळाखाली धरून चालत नाही. पडद्यामागे कॉफीचं तेल साचतं आणि खवट वास येतो, तेव्हा दर आठवड्याला पडदा काढून साबणाने धुवायचा. आमच्याकडे बोअरचं पाणी. मध्यंतरी चिरेवर क्षारांचा पांढरा थर बसला आणि टोपण गळू लागलं. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून पडदा रात्रभर ठेवला, गळणं थांबलं.

पण पडदा फाटलाच तर? कंपनी तो सुटा विकत नाही, अख्खं टोपण घ्या म्हणते. बोटाच्या पेराएवढ्या सिलिकॉनसाठी ही अडवणूक मला पटलेली नाही, म्हणून पाचपैकी चारच तारे.