आजी की पाळणाघर? दहा महिन्यांच्या बाळासाठी

बडोद्यात आई-बाबा दोघंही नोकरीला, आजी दांडिया बाजारात. बाळ कुणाकडे?

आजीकडे माणूस बदलत नाही, हा मोठा फायदा. रडलं की तोच चेहरा, तोच आवाज धावून येतो. विश्वास बसतो तो यातूनच. अडचण गुडघ्यांची, आणि बाळ गप्प राहावं म्हणून समोर धरलेल्या मोबाइलची.

पाळणाघरात खेळणी पाहू नका. एका बेनकडे, म्हणजे सांभाळणाऱ्या बाईकडे, किती बाळं ते विचारा. तान्ही असतील तर तीन-चारच हवीत. बेन सारख्या बदलत असतील तर दुसरं शोधा. त्या गुजराती बोलतात याने काही बिघडत नाही. रुळवायला दोन आठवडे धरा: आधी आईने तासभर सोबत बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. गडबड होते ती न सांगता सटकल्याने. आई कधीही नाहीशी होते असं वाटून बाळ घरीही पदर सोडत नाही. रडलं तरी सांगूनच निघा.

आठ ते अठरा महिने वियोगाची भीती जोरात असते. त्यामुळे आजी धडधाकट असेल तर आत्ता तिच्याकडेच, पाळणाघर बाळ दीड वर्षाचं झाल्यावर.

दोन्हीकडे कसोटी संध्याकाळची. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये मुलांच्या आईशी असलेल्या जवळिकीचे प्रकार पाडले ते मुख्यतः पुनर्भेटीवरून, म्हणजे आई परत आल्यावर बाळ कसं वागतं त्यावरून. बिलगून रडलं आणि शांत झालं तर छान. रोजच आईकडे पाठ फिरवणाऱ्या बाळाला मात्र ‘किती शहाणं’ म्हणू नका. वरून शांत दिसणाऱ्या अशा मुलांच्याही हृदयाचे ठोके वाढलेले आढळले आहेत.