नाताळची फेल्टची लटकनं: पॉलिस्टर, लोकर, जुना स्वेटर की सुईकाम?

दिवाळीचा आकाशकंदील खाली उतरतो आणि बेळगावच्या कॅम्पात नाताळच्या चांदण्या वर चढतात. त्याच सुमाराला, यंदा झाडावरची लटकनं घरीच करायची असं ठरवलेल्यांची चौकशी सुरू होते. गणपत गल्लीत नाहीतर खडेबाजारात शिवणसामानाच्या दुकानात 'फेल्ट द्या' (म्हणजे तंतू गुंतवून केलेलं, न विणलेलं जाड कापड) म्हटलं की एकच वस्तू पुढ्यात येते. मोबाईलवर शोधलं की चार-पाच येतात, आणि त्यांच्या किमतीत इतका फरक असतो की माणूस गोंधळतोच.

माझं मत आधीच सांगते. बहुतेक घरांनी दुकानातली साधी पॉलिस्टरची शीट घ्यावी आणि वाचलेले पैसे चांगल्या दोऱ्यात घालावेत. फेल्टच्या लटकनात नजर जाते ती काठावरच्या टाक्यावर. कापड लोकरीचं आहे की पॉलिस्टरचं, हे झाडापासून चार हातांवर उभ्या असलेल्या पाहुण्याला कळत नाही. टाका वेडावाकडा आहे, हे मात्र लगेच कळतं. तरीही काही कामं अशी आहेत की तिथे पॉलिस्टर वापरू नये.

पॉलिस्टरची शीट

फेल्ट विणलेलं नसतं, म्हणून कापल्यावर काठाचे धागे सुटत नाहीत आणि दुमडून शिवावं लागत नाही. पॉलिस्टरच्या शीटमध्ये हे साधतं ते कारखान्यात काटेरी सुयांनी हजारो वेळा टोचून तंतू एकमेकांत गुंतवल्यामुळे. ती सहज मिळते, रंग भरपूर असतात आणि कापताना चुकली तरी जीव हळहळत नाही. कसर लागत नाही, हा आपल्याकडच्या पावसाळ्यात मोठाच गुण.

पण दुकानात शीट उघडून बघा. उजेडासमोर धरल्यावर पलीकडची बोटं दिसली तर ती ठेवून द्या. आत कापूस भरला की काठाशी पांढरा डोकावतो. कोपरा चिमटीत धरून हलकेच ओढा. तंतू हातात आले तर जानेवारीपर्यंत त्यावर बोंडं येणार. कडक आणि मऊ असे दोन प्रकार असतात. एकपदरी चांदणी किंवा नावाची पट्टी करायची तर कडक, आत भरून फुगवायचं तर मऊ. मिलीमीटर-दीड मिलीमीटरची जाडी पुरते.

पॉलिस्टर उष्णतेला घाबरतं. इस्त्री थेट टेकली की वितळून चकाकणारा डाग पडतो. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासमोर मेणबत्त्या लावायची पद्धत घरात असेल तर ही लटकनं तिथून लांब टांगा. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. पॉलिस्टर मात्र वितळून थेंब गाळतं.

दोरा आणि टाका

इथे पैसा खर्च करा. भरतकामाच्या दोऱ्याची लडी सहा पदरांची असते. काठासाठी तीन पदर, डोळे-तोंड-नाव यांसाठी दोन. सहाच्या सहा पदर सुईत ओवले की लटकन गोणपाट शिवल्यासारखं दिसतं. हातभर दोरा घ्या, फार लांब घेतला की तो स्वतःशीच गुंततो. दोन तुकडे एकावर एक ठेवून काठाने काजटाका (दोरा काठावर अडकवत जाणारा टाका) घालत जायचं, टाक्यातलं अंतर तीन मिलीमीटरच्या आसपास आणि खोलीही तेवढीच. दोन बोटं जाईल एवढी फट ठेवायची, कापूस भरायचा, फट बंद करायची. टांगायची रिबीन दोन पदरांच्या मधे आधीच अडकवलेली बरी. नंतर वरून लावलेली रिबीन तुटते, आणि तुटते ती नेमकी पाहुणे आल्यावर.

आकार कापायला खास साधन लागत नाही. बटर पेपरवर आकृती काढा, तो कागद चिकटपट्टीने फेल्टवर चिकटवा आणि पट्टीसकट कापा. टाचण्यांपेक्षा हे सोपं जातं, कारण लहान आकारात टाचणी लावली की फेल्ट उचललं जातं. गडद कापडावर खूण करायला शिंप्यासारखी साबणाची चीप चालते. कात्री मात्र कापडाचीच ठेवा, या कामाखेरीज ती कागदाला लावू नका. (घरातली मुलं हे वाक्य ऐकतात असा माझा अनुभव नाही.)

आकृत्याही कुणाच्या उसन्या आणायची गरज नाही. घंटा, चांदणी, कबुतर आहेतच. पण लालभडक शीटची लांबट संकेश्वरी मिरची हिरव्या देठासकट झाडावर काय शोभते ते करून बघा. गोकाकच्या लाकडी खेळण्यांतली फळं हाही तयार नमुना आहे: गोलसर, ठळक रंगांची, बारीक तपशील नसलेली. फेल्टला नेमकं असंच रूप लागतं.

लोकरी शीट

लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत; खरं फेल्ट यातून होतं. जुन्या घरांत अजून कुठे कुठे दिसणारा बुरणूस (लोकर दाबून केलेलं जाड पांघरूण) याच जातीचा. लोकरी शीट हाताला दाट लागते, टाका तिच्यात किंचित बुडतो, सुईचं भोक मिटून जातं आणि ओलं फडकं ठेवून वाफेची इस्त्री फिरवता येते. ती बहुतेक ऑनलाइन मागवावी लागते, पॉलिस्टरपेक्षा कित्येक पट महाग पडते, आणि 'वूल फेल्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ शीटमध्ये रेयॉन मिसळलेलं असतं. भेसळीची शीट वाईट नसते, फक्त शुद्ध लोकरीचा दर देऊ नका.

ही घ्यायची कधी? बाळाचा पहिला नाताळ, लग्नानंतरचा पहिला नाताळ, अशा नाव-साल घालून वर्षानुवर्षं जपायच्या लटकनासाठी. देवनागरी नाव भरताना आधी शिरोरेषा एका सलग ओळीत बखियाने घाला, मग अक्षरं तिला टांगा. अनुस्वाराला गाठीचा टाका. शीट मऊ पॉलिस्टरची असेल तर हीच अक्षरं ओढली जाऊन आक्रसतात. लाल आणि गडद हिरवा रंग पांढऱ्याशेजारी लावण्याआधी ओल्या कापसाने पुसून बघा, रंग सुटतो का ते तिथेच कळेल.

जुना लोकरी स्वेटर

या पर्यायाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि बेळगावात तर तो घराघरांत पडून असू शकतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२पासून इथे आहे. माजी सैनिक नाहीत असं गाव आसपास शोधावं लागेल. ट्रंकेच्या तळाशी हिरवट जर्सी असतेच. ती कोपरावर फाटलेली असेल आणि कुणी घालत नसेल तर तिचं फेल्ट करता येतं. तिच्या हिरव्या रंगात नाताळचं झाड इतकं छान होतं की मुद्दाम शोधूनही तशी शीट मिळणार नाही. अर्थात ज्यांची जर्सी, त्यांना विचारूनच कात्री लावा.

आधी ती खरोखर लोकरीची आहे का ते तपासा. आतल्या शिवणीतून एक धागा काढून ताटलीत जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख चिमटीत चुरली, तर लोकर. प्लास्टिकसारखा वास येऊन कडक मणी उरला, तर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिस्टर, आणि त्याचं फेल्ट कितीही उकळलं तरी होणार नाही. हिवाळ्यात रस्त्याकडेला विकायला येणारे स्वस्त स्वेटर बहुतेक या दुसऱ्या प्रकारातले. लेबलवर 'मशीन वॉशेबल वूल' असेल तर तोही सोडा, त्यातले खवले आधीच झाकलेले असतात.

लोकर निघाली की स्वेटर जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधा, नाहीतर सुटलेली लव मशीनच्या जाळीत जाते. एखादी जुनी जीन्स सोबत टाका म्हणजे घासलं जाईल, आणि ६० अंशांवर धुवा. टाके दिसेनासे झाले की फेल्ट तयार. दिसत असतील तर पुन्हा एक फेरी. मशीन नसेल तर गरम पाणी, साबण, घासणं आणि मधे गार पाण्यात बुडवणं. हाताला घाम फुटतो पण होतं. स्वेटर चांगलाच आटतो आणि जाड होतो, म्हणून बारीक आकार जमत नाहीत. मोजे, हातमोजे, झाड, मोठी हृदयं अशी ढोबळ कामं घ्या. काठाला काजटाका नाही घातला तरी चालतो.

सुईने आणि साबणपाण्याने

सुईकामात शीट नसतेच. सुट्या लोकरीचा पुंजका स्पंजवर ठेवून काटेरी सुईने टोचत टोचत घट्ट करायचा. आकार द्यायला ३६ नंबरची सुई, सर्वसाधारण कामाला ३८, शेवटच्या सफाईला ४०. यातून होणारे गोल पक्षी आणि देवदूत शीटच्या लटकनांना कधीच जमणार नाहीत इतके सुबक दिसतात. पण वेळ भरपूर जातो, सुई तिरकी गेली की मोडते आणि बोटात घुसली तर चांगलीच लागते. लहान मुलं असलेल्या घरात मी हे सुचवणार नाही. मोठ्यांनीही टीव्ही बघत करू नये.

मुलांना द्यायचं तर साबणपाण्याचा प्रकार द्या. लोकरीचा सैल गोळा कोमट पाणी आणि किसलेल्या अंगाच्या साबणात भिजवून तळहातांत वळायचा. आधी हलका हात, मग जोर. गोळा घट्ट झाला की वाळवून दोऱ्यात ओवायचा. झाडाभोवतीची माळ यातून उत्तम होते.

या दोन्हींना लोकर बाहेरून मागवावी लागते, एक अपवाद सोडून. चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात धनगरांच्या मेंढ्यांची दख्खनी लोकर निघते. ती जाडीभरडी आणि काळी-करडी असते, घोंगड्यांची. रंग घेत नाही आणि बोचते. चांदण्या-देवदूतांना ती निरुपयोगी. पण गोठ्यातल्या मेंढ्या करायला हीच घ्या. मेंढपाळांच्या प्रसंगात आपल्याकडच्या काळ्या मेंढ्या उभ्या राहिल्या तर काही बिघडत नाही, उलट त्या खऱ्या वाटतात. काटे-कचरा वेचून कोमट साबणपाण्यात नुसती भिजत ठेवा. घासलंत तर धुताधुताच फेल्ट होऊन बसेल.

आत काय भरायचं

उशीवाल्याकडचं रेक्रॉन, म्हणजे पॉलिस्टरचा कापूस. सावरीचा कापूस मऊ असतो पण त्याचे गठ्ठे होतात. कापडाच्या चिंध्यांनी लटकन जड होतं आणि सुरूची फांदी वाकते.

विकायची असतील तर

संघातल्या बायकांनी मिळून स्टॉल लावायचा असेल तर हिशेब सरळ आहे: पॉलिस्टर शीट, रेक्रॉन, मोजके चार आकार. सरावलेल्या हातालाही भरलेल्या एका लटकनाला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणजे किमतीत सामानापेक्षा वेळच जास्त असतो. तो धरला नाही तर कारखान्यातल्या मालाशी स्पर्धा करण्यात दिवस फुकट जातो. सुईकामाची किंमत ऐकून गिऱ्हाईक स्टॉलवरून पुढे सरकतं, म्हणून ते मागणी आली तरच घ्या. नाव घातलेली लोकरी लटकनंही आगाऊ पैसे घेऊनच करा. दुसऱ्याच्या बाळाचं नाव भरलेलं लटकन तिसऱ्याला विकता येत नाही.

झाड उतरवल्यावर सगळी लटकनं एक दिवस उन्हात तापवून पत्र्याच्या डब्यात घाला. लोकरीच्या डब्यात डांबर गोळ्या टाका आणि पाऊस सरल्यावर एकदा उघडून बघा. लोकरी शीट मागवायची झाल्यास दिवाळीच्या फराळाआधीच मागवा. फोटोतला लाल आणि हातात आलेला लाल बऱ्याचदा वेगळे निघतात, आणि परत पाठवून बदलून घ्यायला डिसेंबरात वेळ उरत नाही.