झागोरचं ओरिजिनल पान आणि रविवार कारंज्याचे फ्रेमवाले काका

नाशिकला रविवार कारंज्याकडून मेनरोडला जाताना एका बोळात हे दुकान आहे, बोर्ड इतका पुसट झालाय की नाव वाचताच येत नाही, कुणालाही विचारा फ्रेमवाले काका कुठे बसतात. बाहेर सगळे सप्तशृंगी देवीचे आणि लग्नाचे फोटो टांगलेले, म्हणून मी दोनदा तशीच पुढे निघून गेले, म्हटलं इथे आपलं काम काय होणार.

काम म्हणजे माझ्याकडे गॅलिएनो फेरीच्या हातचं झागोरचं एक पान आहे. छापील नाही, त्याने स्वतः शाईने काढलेलं ओरिजिनल. माहीत नसेल त्यांनी झागोर म्हणजे इटलीवाल्यांचा वेताळ समजा (भूत नव्हे, कॉमिक्समधला हिरो), लाल बिनबाह्यांचा शर्ट, छातीवर पक्षी, हातात दगडी कुऱ्हाड, डार्कवूडच्या जंगलात मुक्काम आणि सोबत कायम भुकेलेला चिको. १९६१ ला सुरू झाला आणि फेरी २०१६ मध्ये गेला तोवर झागोरच काढत होता. इटलीचाच दुसरा मोठा कॉमिक्सवाला ह्यूगो प्रॅट, त्याचं का नाही घेतलं असं विचारणारे असतात, अहो त्याच्या कोर्टो माल्टीझ या खलाशी हिरोची भारीतली चित्रं लिलावात लाखाच्या वर जातात आणि तेही युरोत. फेरीचं आपल्याला झेपलं, कितीला झेपलं ते घरी अजून सांगितलेलं नाहीये.

अंक असतो साधारण १६ बाय २१ सेंटीमीटरचा, ओरिजिनल पान त्याहून बरंच मोठं. त्यात ब्रश कुठे कोरडा पडला ते दिसतं, चिकोचं नाक आधी जरा वर होतं त्यावर पांढरा रंग मारून खाली घेतलंय, त्या रंगाखालून पेन्सिलची रेघ अजून डोकावते. छापताना पांढरं ते कागदात मिसळून जातं म्हणून अंक वाचणाऱ्याला हे कधी कळतच नाही, आणि माझा सगळा जीव नेमका त्या नाकात अडकलेला.

आधी कॉलेज रोडला एकाकडे गेले होते (नाव घेत नाही), तो म्हणे मॅडम हे पांढरे डाग स्कॅन करून साफ करून देतो, मस्त प्रिंट मारू आणि लॅमिनेट करू. आणि ओरिजिनल? ते प्लायवर फेव्हिकॉलने चिकटवू म्हणे. मी पान उचललं आणि सरळ गाडी काढली.

काकांनी आधी हात धुतले. मग पान ट्यूबलाइटखाली तिरकं धरून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हा व्हाइट वर आलाय, काच टेकली तर खपली निघेल." तिथेच मी सोडून दिलं सगळं त्यांच्यावर. जाड ऍसिड फ्री (कागद पिवळा न पाडणारा) माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट लावली, त्याने काच आणि पानामध्ये जागा राहते, आणि पान कुठेही चिकटवलं नाही, फक्त वरच्या बाजूला पातळ टिश्यूच्या दोन बिजागऱ्या, त्याही खळ लावून. म्हणाले पावसाळ्यात कागद फुगतो, चारी बाजूंनी धरला तर लाटा येतात, आणि सेलोटेप तर लावूच नका, पाच-सहा वर्षांत पिवळे पट्टे उठतात. मागे प्लाय नाही, तिथेही माउंट बोर्डच. काळी बारीक पट्टी, सगळे मिळून ३४०० रुपये, मला तरी जास्त वाटले नाहीत.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून सव्वीस लावले, फोन उचलत नाहीत, उचलला तर "आज संध्याकाळी". यूव्हीवाली (उन्हाने चित्र खराब होऊ न देणारी) काच त्यांच्याकडे मिळत नाही त्यामुळे मी खिडकीसमोरची भिंत सोडून जिन्याच्या अंधाऱ्या बाजूला लावलंय. पार्किंग नाहीच. आणि मुख्य म्हणजे माउंटची खिडकी इतकी घट्ट कापली की खाली पेन्सिलने लिहिलेला पान नंबर झाकला गेला, मी म्हटलं काका तो नंबर दिसायलाच पाहिजे, ते म्हणे कोण बघतं ताई, मी म्हटलं मी बघते. कुरकुर करत नवीन कापून दिली, पैसे घेतले नाहीत हे मात्र खरं.

तरी पाचात चार स्टार. पुढचं जाकोवित्ती या इटालियन व्यंगचित्रकाराचं एखादं मिळालं तर इथेच नेणार, त्याच्या चित्रात जमिनीवर सॉसेज, अळ्या असलं काहीही पडलेलं असतं आणि सही म्हणून बाबा माशाचा काटा काढायचा, म्हणजे खिडकी कापताना मी स्टूल घेऊन काकांच्या समोरच बसणार आहे.