अंतरा इंजेक्शन: सव्वा वर्षाचा अनुभव

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा पहिलं अंतरा, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणूनचं इंजेक्शन, घेतलं. आता पाच झालीत. पाळणा लांबवायचा होता, पण तांबीची भीती वाटायची आणि रोजची गोळी लक्षात राहिली नसती. हे तीन महिन्यांतून एकदा, सरकारी दवाखान्यात मोफत, शिवाय अंगावरच्या दुधाला बाधत नाही.

सुरुवात सोपी नव्हती. आठ-दहा दिवस डाग, मधे चार दिवस कोरडे, की परत डाग. तिसऱ्या डोसनंतर पाळी बंदच झाली. सासूबाई सारख्या विचारायच्या, "रक्त आत साठत तर नाही ना गं?" मी घाबरले नाही, कारण सिस्टरनी सुई टोचण्याआधीच शेजारी बसवून सगळं सांगितलं होतं. आधी डाग दिसतील, पुढे पाळी थांबेल. या औषधानं पिशवीचं अस्तर पातळ राहतं, त्यामुळे साठायला रक्तच नसतं. टोचलेली जागा चोळायची नाही, शेकायची नाही, हेही सांगितलं. शेवटी आशाताईंना घरी बोलावून सासूबाईंशी बोलायला लावलं, तेव्हा कुठे त्यांची काळजी मिटली.

माझ्या जावेनं हेच इंजेक्शन दुसरीकडे घेतलं. तिला फक्त 'तीन महिन्यांनी या' एवढंच सांगितलं. डाग सुरू झाल्यावर तिला वाटलं, आत काहीतरी बिघडलं. दुसऱ्या डोसला ती गेलीच नाही आणि वर्षाच्या आत, नको असताना, पुन्हा दिवस राहिले. औषध एकच होतं. मला याचं अजून वाईट वाटतं.

चौथ्या डोसच्या वेळी उपकेंद्रात साठा संपला होता. दोन हेलपाटे वाया गेले. तारीख उलटली तरी 4 आठवड्यांपर्यंत घेता येतं हे माहीत होतं, म्हणून नवरा मजुरी बुडवून मला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. घरचं माणूस सोबत येत नसेल तर बाईचं इंजेक्शन इथंच सुटतं.

माझं वजन तीनेक किलो वाढलंय. हाडं थोडी विरळ होतात, पण इंजेक्शन थांबवल्यावर भरून येतात असं सिस्टर म्हणाल्या. तरी नाचणी आणि दूध मी चुकवत नाही.

दुसरं मूल हवं असणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: शेवटच्या डोसनंतर दिवस राहायला साधारण 7 ते 10 महिने लागतात. आम्हाला बाळ तीन वर्षांचं झाल्यावर दुसरं हवंय, म्हणून पुढचे दोनच डोस घेणार आहे.